गाडीच्या आधी वायरमन

प्रश्न : मी सांगलीत राहते आणि तासगावजवळच्या शाळेत शिकवते. रोजचं जाणं-येणं 50 कि.मी., महिन्याला साधारण 1200 कि.मी. घर बैठं, स्वतःचं. गाडी गेटच्या आत उभी राहील. विजेचा वापर महिन्याला 130 युनिट. गाडीसाठी आठ लाख बाजूला काढलेत, अगदीच अडलं तर वर पन्नास हजार. मला इलेक्ट्रिक गाडी हवी आहे, पण साधी. चार दारं, एसी, बास. काचा हाताने फिरवाव्या लागल्या तरी चालेल. शोरूममध्ये गेलं की "मॅडम, बजेट थोडं वाढवा" म्हणत चौदा लाखांच्या गाडीत बसवतात. तिला वर काचेचं छप्पर आहे. सांगलीच्या उन्हात ते मला कशाला? मोबाइलवर चार लाखांच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिराती येतात. एक एजंट 2023 ची, 24 युनिट बॅटरीची टाटाची टियागो देतो म्हणतोय. थांबू की घेऊ? आणि वर्षातून दोन-तीनदा लेकीकडे पुण्याला जाते, त्याचं काय?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर :

ताई, थांबू नका. आणि शोरूममध्ये परत जायच्या आधी एक चांगला वायरमन घरी बोलवा. तो का, ते पुढे येतंच. आधी तुमच्या मूळ तक्रारीबद्दल, कारण ती रास्त आहे.

तुम्हाला हवी तशी साधी इलेक्ट्रिक गाडी जवळपास कोणी बनवत नाही, कारण गाडी साधी केली तरी बॅटरी साधी होत नाही. काचेचं छप्पर, मोठा पडदा, गार हवेच्या सीटा काढून टाकल्या तर कंपनीचे थोडेफार पैसे वाचतात. बॅटरीचा खर्च मात्र तिथेच बसलेला असतो. 2024 मध्ये जगभरातला बॅटरी पॅकचा सरासरी भाव युनिटमागे (म्हणजे किलोवॉट-तासामागे) 115 डॉलर होता. त्या हिशेबाने 19 युनिटचा लहानसा पॅकही पावणेदोन-दोन लाखांत जातो, आणि लहान पॅक तर युनिटमागे आणखी महाग पडतो, कारण पेटी, वायरिंग आणि बॅटरीवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स लहान-मोठ्या दोन्हींना जवळपास सारखंच लागतं. मोटर, इन्व्हर्टर, गाडीतला चार्जर हे वेगळंच. सहा लाखांच्या गाडीत हा बोजा लपत नाही, पंधरा लाखांच्या गाडीत लपतो. म्हणून सेल्समन तुम्हाला तिकडे ओढतो. यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

सरकारी धोरणानेही लहान गाडीला हात दिला नाही. केंद्राची फेम-2 योजना 2019 ते मार्च 2024 चालली, पण तिच्यात चारचाकीचं अनुदान फक्त व्यावसायिक वापराला होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारींना जागाच नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर 2019 पासून 5 टक्केच आहे, तिथे कमी करायला काही उरलं नव्हतं. परिणाम असा की सगळ्यात स्वस्त पेट्रोल गाडी आणि सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक गाडी यांच्यातली दरी आणखी रुंदावली.

थोडं जळवणारं एक उदाहरण. आपल्याकडे 2015 मध्ये आलेली रेनोची क्विड आठवते ना? तिच्याच सांगाड्यावर चीनमध्ये इलेक्ट्रिक गाडी बनली आणि 2021 पासून ती युरोपात डासिया स्प्रिंग या नावाने, तिथली एक स्वस्त इलेक्ट्रिक गाडी म्हणून विकली गेली. क्विडच्या गावी मात्र तिचं इलेक्ट्रिक भावंड आलंच नाही. चीनमध्ये 2020 च्या जुलैत वुलिंगची छोटी हाँगग्वांग मिनी 28,800 युआनला आली. आपल्या पैशात तेव्हाचे तीन-सव्वातीन लाख. तशी तयार गाडी आयात करायची तर सीमाशुल्कातच तिचा स्वस्तपणा संपतो.

म्हणून दोन वर्षं थांबलात तर साधी गाडी येईल, या आशेवर राहू नका. दोन वर्षांत तुम्ही 28-29 हजार किलोमीटरचं पेट्रोल मात्र जाळाल.

आता तुमचा हिशेब. लहान इलेक्ट्रिक गाडी आपल्या रस्त्यांवर, एसी लावून, 50-60 च्या वेगाने एका युनिटला साडेआठ किलोमीटरच्या आसपास जाते. 19.2 युनिटच्या बॅटरीवर कागदावर 250 कि.मी. लिहिलेलं असतं, ते विसरा. तुम्ही 150 धरा. आठ वर्षांनी बॅटरी वीस टक्के थकली तरी 120 उरतात, आणि तुम्हाला लागतात 50. मग मोठी बॅटरी कशासाठी? रोज शाळेत जाताना पुण्याची शिदोरी पाठीवर वाहायची गरज नाही. तुमच्या गरजेला बाजारातली सगळ्यात लहान बॅटरी पुरून उरते, आणि नेमकी हीच गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगणार नाही.

आता वायरमन. घरचं चार्जिंग बिघडण्याचं पहिलं कारण अर्थिंग असतं, दुसरं सॉकेट. गाडी फार क्वचित.

गाडीसोबत येणारा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि सलग काही तास जवळपास 3 किलोवॉट ओढतो. गिझरही तेवढंच ओढतो, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो. भिंतीतलं साधं मॉड्युलर सॉकेट आणि त्यामागची अडीच स्क्वेअर एमएमची जुनी वायर हा भार रोज झेलत नाही. आधी प्लगची पिन काळवंडते, मग प्लास्टिक पिवळं पडतं, आणि एके सकाळी गाडी 40 टक्क्यांवर अडकलेली सापडते. म्हणून डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून फक्त गाडीसाठी वेगळी लाइन ओढून घ्या : 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि तेवढीच जाड अर्थ. त्यावर 20 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा), शक्यतो 'टाइप ए'. साधा 'एसी' टाइप स्वस्त मिळतो, पण चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक भारातली गळती तो नीट ओळखत नाही. सॉकेट धातूच्या पेटीतलं, 16 ते 20 अँपिअरचं, औद्योगिक दर्जाचं घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही, अगदी एका रात्रीपुरताही नाही.

अर्थिंगचं काम डोळ्यांसमोर करून घ्या. स्वतंत्र खड्डा, दोन-तीन मीटरचा रॉड, आणि काम झाल्यावर मल्टिमीटरने तीन आकडे तुमच्या वहीत लिहून द्यायला सांगा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे, 220-240 च्या दरम्यान हवेत. तिसरा, गिझर चालू ठेवून, 2-3 व्होल्टच्या आत. तो 10-15 दाखवत असेल तर चार्जरवर लाल दिवा लागेल आणि गाडी चार्ज होणार नाही. अशा वेळी काही वायरमन एक जुगाड करतात : सॉकेटच्या आत अर्थच्या पिनला न्यूट्रलचा तुकडा जोडून देतात. दिवा लगेच हिरवा होतो, वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीचा पत्रा फेजवर येतो, आणि पावसात ओल्या पायाने दाराला हात लावणारी व्यक्ती तुम्ही असता. काम झाल्यावर सॉकेट उघडून दाखवायला सांगाच. तिसरा आकडा अगदी नेमका शून्य येत असेल तर शंका घ्या. खऱ्या अर्थिंगमध्ये भार असताना थोडा तरी व्होल्टेज दिसतो.

सांगलीकरांसाठी एक जास्तीची गोष्ट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तुमच्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना आठवत असेलच. सॉकेट आणि एमसीबीची पेटी त्या खुणेच्या वर बसवा, वर छोटं छप्पर द्या.

विजेच्या बिलावर 'मंजूर भार' पाहा. एक-दोन किलोवॉट असेल तर महावितरणकडे अर्ज करून पाच करून घ्या. चार्जिंगसाठी वेगळा मीटरही मिळतो. केंद्राच्या 2024 च्या ग्राहक हक्क नियमांत तशी सोय आहे. पण तुमच्या वापराला त्याची गरज दिसत नाही, आणि त्याचं कारण टप्पे. गाडीला महिन्याला 1200 कि.मी. साठी बॅटरीत 140 युनिट लागतात आणि चार्जरमधली गळती धरून मीटरवर 160 पडतात. तुमचे 130 अधिक 160 म्हणजे 290. घरगुती दराचा 101 ते 300 चा टप्पा तुम्ही ओलांडत नाही. एप्रिल-मेमध्ये एसी लागला तर ओलांडाल. सुदैवाने मेमध्ये शाळा नसते. घरात आधीच 250 युनिट जळत असते तर सल्ला वेगळा असता, कारण गाडीची बहुतेक युनिटं वरच्या, महाग टप्प्यात गेली असती.

गाडीच्या युनिटला वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क मिळून, हात सैल सोडून, 14 रुपये धरू. महिन्याला 2,240 रुपये. हेच अंतर पेट्रोलवर, लिटरला 17 कि.मी. आणि 105 रुपयांनी, 7,400 रुपयांना पडतं. सीएनजीवर, किलोला 24 कि.मी. आणि 95 रुपयांनी, 4,750. तुमच्या बिलातला आणि तुमच्या पंपावरचा भाव घालून पुन्हा करून पाहा, गणिताच्या बाई नसलात तरी पाच मिनिटांचं काम आहे. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला पाच हजारांवर वाचतात. त्याच आकाराची पेट्रोल गाडी रस्त्यावर यायला दीड-दोन लाखांनी स्वस्त पडते, म्हणजे तो फरक तीनेक वर्षांत भरून निघतो. सीएनजीच्या तुलनेत महिन्याची बचत अडीच हजारांवर येते, पण सीएनजी गाडीही पेट्रोलपेक्षा महाग, त्यामुळे वर्षं तेवढीच, तीन-चार. महिन्याला 400 कि.मी. फिरणाऱ्या कोणी हेच पत्र लिहिलं असतं, तर आम्ही सरळ पेट्रोल गाडी घ्या म्हटलं असतं. आणि गेटच्या आत जागा नसलेल्यांना इलेक्ट्रिक घ्या असं आम्ही सांगतच नाही, कारण बाहेरच्या फास्ट चार्जरच्या दराने बरीचशी बचत तिथेच संपते.

नव्या गाड्यांत तुमच्या पैशात बसणाऱ्या किती? एका हाताची बोटंही जास्त होतील.

टियागो ईव्ही सप्टेंबर 2022 मध्ये 8.49 लाखांना आली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिचा सगळ्यात खालचा प्रकार 7.99 लाखांवर आला, शोरूमच्या भावाने. त्यात 19.2 युनिटची बॅटरी मिळते. तुमच्यासाठी नेमका हाच प्रकार. अडचण अशी की खालचा प्रकार शोरूमच्या फरशीवर सहसा नसतो, "स्टॉकमध्ये नाही, थांबावं लागेल" हे ठरलेलं उत्तर. थांबा. बुकिंगच्या पावतीवर प्रकाराचं नाव आणि बॅटरीचा आकार लिहून घ्या, नाहीतर दोन महिन्यांनी "वरचा प्रकार लगेच मिळतोय" असा फोन येतो. टेस्ट ड्राइव्हलाही बहुधा 24 युनिटवालीच गाडी देतील. ती थोडी जोरकस आहे, तेवढं लक्षात ठेवा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट, हेही विचारा. तासगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे फिरायचं तर हा प्रश्न क्षुल्लक नाही.

दुसरी एमजी कॉमेट. 17.3 युनिट, लांबी तीन मीटरच्या आत. पुण्या-मुंबईच्या पार्किंगसाठी झकास. पण दारं दोन, चाकं 12 इंची आणि चौघं बसली की सामानाला जागा नाही. तुम्ही चार दारं म्हणालात, आणि हायवेच्या खड्ड्यात बारा इंची चाक आम्हालाही नको वाटतं. तिच्यात डीसी फास्ट चार्जिंगही नाही.

कॉमेटच्याच जाहिरातीत 'बॅटरी भाड्याने' हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तो आला तेव्हा गाडी 4.99 लाख आणि वर किलोमीटरला अडीच रुपये, असा भाव होता. पूर्ण गाडी तेव्हा 6.99 लाख. म्हणजे दोन लाख आज वाचवायचे आणि 1200 कि.मी. साठी महिन्याला 3,000 भरायचे. 66-67 महिन्यांत, साडेपाच वर्षांत, वाचवलेले दोन लाख परत गेले; वीज वेगळीच. शिवाय अशा करारांत दरमहा किमान किलोमीटरची अट असू शकते. मेमध्ये गाडी उभी आणि भाडं मात्र चालू. तुमच्याकडे रोख आठ लाख आहेत, तुम्हाला याची गरज नाही.

आणि मोबाइलवरच्या चार लाखांच्या गाड्या. नव्या कंपन्यांनी लहान गाड्या दाखवल्या आहेत हे खरं. पुण्याच्या वायवेने जानेवारी 2025 मध्ये इव्हा दाखवली, बॅटरीविना 3.25 लाखांपासून. कल्पना चांगलीच आहे. अशी गाडी रस्त्यावर आलेली कोणाला नको? पण आमचा नियम साधा आहे : तुमच्या आरटीओत तशा गाडीचं पासिंग झालेलं आणि सांगली किंवा कोल्हापुरात तिचं वर्कशॉप उघडलेलं दिसेपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही देऊ नये. "लायसन्स नको, पासिंग नको" म्हणून विकायला ठेवलेल्या छोट्या चारचाकी दिसतात, त्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. पासिंग नाही म्हणजे विमा नाही, आणि अपघात झाला की सगळं तुमच्या अंगावर.

आता त्या जुन्या टियागोकडे. आम्हाला विचाराल तर तुमच्या बजेटमधला सगळ्यात शहाणा सौदा इथेच आहे. इलेक्ट्रिक गाडीचा भाव पहिल्या दोन-तीन वर्षांत धाडकन उतरतो, बॅटरी तेवढी उतरत नाही. बॅटरीची वॉरंटी नवी असताना 8 वर्षं किंवा 1.6 लाख कि.मी. होती, म्हणजे 2023 ची गाडी 2031 पर्यंत झाकलेली. ती वॉरंटी तुमच्या नावावर येते का, आणि बॅटरी किती टक्क्यांखाली गेल्यावर लागू होते, हे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दाला किंमत नाही. काही नव्या गाड्यांवर 'आजीवन' बॅटरी वॉरंटीची जाहिरात असते, ती पहिल्या मालकापुरती असते. जुनी घेणाऱ्याने तिच्यावर भाळू नये.

नंबर प्लेटकडे बघा. हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी, हिरव्यावर पिवळी म्हणजे टॅक्सी. टॅक्सीची गाडी रोज फास्ट चार्जरवर तापलेली असते आणि खाजगी पासिंगसाठी आरटीओच्या खेपा तुमच्या माथी. नकोच.

एजंटला म्हणावं, एक दिवस आणि एक रात्र गाडी द्या. संध्याकाळी साध्या चार्जरवर 100 टक्के करा. ही बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची आहे, पूर्ण भरल्याशिवाय तिचे टक्के खरे बोलत नाहीत. सकाळी तुमच्याच शाळेच्या वाटेने, एसी लावून, जाऊन-येऊन 50 कि.मी. चालवा. 24 युनिटची गाडी 24 ते 27 टक्के खाईल. 32-33 खाल्ले तर आधी टायरमधली हवा बघा, पुन्हा चालवा, तरी तेच आलं तर गडबड आहे. मग गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरवा, घरातली बाकी उपकरणं शक्य तेवढी बंद करा, मीटरचं रीडिंग लिहा आणि 100 टक्क्यांपर्यंत भरा. सात-साडेसात तास लागतील. नव्या गाडीत मीटरवर 21-22 युनिटं पडतात. 19-20 पडली तर बॅटरी वयाच्या मानाने छान. 17 च्या खाली पडली तर बॅटरीत आता तेवढं मावतच नाही, मग कितीही भाव कमी केला तरी उठून या. या चाचणीला कुठलं यंत्र लागत नाही, महावितरणचा मीटर पुरतो. हे करायला एजंटने खळखळ केली, तर तेही एक उत्तरच आहे.

गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. बॅटरीची पेटी गाडीच्या पोटाला असते. दगडाने तिला पोचा पडलेला असेल तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. आणि पाणी. बॅटरीची पेटी आयपी-67 असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुरात गाडी अर्धा तास नाही, दोन-तीन दिवस उभी असते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा. मागच्या सामानाच्या जागेतली चटई उचला, सीटच्या रुळांवर गंज शोधा. विम्याचा जुना दावा आहे का, हे चासी नंबरवरून विमा कंपनीकडे विचारा. सांगली-कोल्हापूरच्या बाजारात ही तपासणी सगळ्यात आधी करायची. चार्जरची मूळ केबल सोबत मिळते का तेही बघा, नवी महाग येते.

सेल्समनच्या काही वाक्यांचा निकाल इथेच लावू. "कर्जाच्या व्याजावर दीड लाख वजावट" हे कलम 80ईईबी होतं आणि 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होतं, आता नाही. "रोड टॅक्स" या ओळीपुढे कोटेशनमध्ये काही आकडा असेल तर तो का, हे विचारा. राज्याच्या 2025 च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन करातून सूट आहे, ती 31 मार्च 2030 पर्यंत. 'हँडलिंग' आणि 'अ‍ॅक्सेसरी पॅक' खोडून टाका. विमा मात्र झिरो डेप (घसारा न कापणारा) आणि बॅटरीत पाणी शिरण्याचं संरक्षण घेऊनच काढा. इथे कंजुषी नको. टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती, अटल सेतू आणि समृद्धीवर आहे. तुमच्या पुण्याच्या वाटेवरचे तासवडे आणि आनेवाडी त्यात येत नाहीत.

हो, पुणे राहिलं. सांगली-पुणे 235 कि.मी. लहान बॅटरीवर 80 च्या वेगाने हायवेला 130-140 कि.मी. मिळतात, त्यात खंबाटकीचा चढ. म्हणजे साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे एक थांबा नक्की, पुढे बहुधा एक छोटा दुसराही, आणि चार्जर बंद असला तर दुसरा शोधायला हाताशी काही टक्के हवेत, म्हणून कराडपासूनच बघायला लागा. 10 ते 80 टक्क्यांना जवळपास एक तास. 80 च्या पुढे वेग मंदावतो, तिथे उभं राहून वेळ घालवू नका. जमण्यासारखं आहे. पण लेकीकडे वर्षातून तीनदा जायला लाखावर जास्त देऊन मोठी बॅटरी घेण्यापेक्षा एसटीने जा. मार्च 2023 पासून तुम्हाला अर्धं तिकीट आहे, आणि पुण्यात गाडी लावायला जागाही शोधावी लागत नाही.

एक शेवटचं, मेच्या सुट्टीचं. या गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते, दारं, दिवे आणि संगणक तिच्यावर चालतात. गाडी महिनाभर उभी राहिली की ती मरू शकते, आणि मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. सुट्टीत मोठी बॅटरी 50-60 टक्क्यांवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून आणा. बाजारात, देवळात, कुठेही.